समुद्र लांब, नदी दारात

दिवाळी सरते, सकाळच्या हवेत गारवा येतो आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या घराघरांत एका दिवसाच्या सहलीचे बेत सुरू होतात. बहुतेक घरांत पहिले नाव निघते ते अलिबाग-मुरूडचे. त्यात नवल नाही. अलिबागहून आक्षी, नागाव, चौल करत रेवदंड्याला यायचे, खाडीवरचा पूल ओलांडून साळावला उतरायचे आणि कोर्लई, काशीद, नांदगाव करत मुरूड गाठायचे, असा हा रस्ता कोकणातल्या फार देखण्या रस्त्यांपैकी एक आहे. पण गाडी ठरवण्याआधी एक साधा हिशेब कागदावर मांडावा. बदलापूरहून अलिबाग शंभराच्या आसपास किलोमीटर, तिथून मुरूड आणखी पन्नास. जाऊन-येऊन तीनशे. पनवेल, पेण, वडखळच्या गर्दीतून रविवारी ताशी सरासरी चाळीसचा वेग मिळाला, तरी साडेसात तास गाडीत गेले. पहाटे सहाला निघून रात्री नऊला दारात आलात तर दिवस पंधरा तासांचा, त्यातला निम्मा बसून काढलेला. उरलेल्या निम्म्यात नाश्ता, जेवण, जंजिऱ्याच्या होडीची रांग, मुलांचे पाण्यात खेळणे आणि कपडे बदलणे. अशा दिवसाला भरगच्च म्हणता येईल, निवांत म्हणता येणार नाही. म्हणून या तीन शहरांत राहणाऱ्यांना माझे सांगणे असे, की समुद्राचा रस्ता मुक्कामाच्या सहलीसाठी राखून ठेवा. हातात एकच दिवस असेल तर उल्हास नदीच्या काठाने, प्रवाहाच्या उलट दिशेने, अंबरनाथहून कर्जतपर्यंत आणि जमले तर कोंढाण्याच्या लेण्यांपर्यंत जा.

निवांतपणा ही मनाची अवस्था आहे, ती कुठेही साधता येते, असे म्हटले जाते. सहलीच्या बाबतीत मात्र ती बरीचशी अंतरावर अवलंबून असते. अंबरनाथ ते कर्जत लोहमार्गाने ४० किलोमीटर आहे. रस्त्यानेही फार वेगळे नाही. कर्जतपासून कोंढाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याचे कोंदिवडे गाव दहा-बारा किलोमीटरवर. म्हणजे सगळी वाट जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटरची, आणि गाडीतले तास फार तर साडेतीन-चार. वाचलेले चार तास हीच या सहलीची खरी कमाई. ते तास आणखी दोन ठिकाणे ‘उरकण्यात’ घालवू नयेत. दिवसाला तीन थांबे पुरेत. चौथा थांबा धरला की पहिल्या तिघांच्या वाट्याचा वेळ तुटतो, आणि मग देवळापुढे उभे असतानाही कुणीतरी घड्याळ पाहू लागते.

नदीचा रस्ता म्हणजे समुद्राच्या रस्त्याची स्वस्त आवृत्ती, असा समज होऊ नये म्हणून इथला इतिहास थोडा सविस्तर सांगायला हवा. ही वाट मुळात समुद्राचीच आहे. उल्हास बोरघाटाच्या बाजूच्या, राजमाचीच्या पायथ्याच्या दरीत उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला येते आणि वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. बंदरात उतरलेला माल घाटमाथ्यावर न्यायचा तर या खोऱ्याने वर चढणे सोयीचे. कोंढाणे खाली, कार्ले-भाजे वर, अशी लेणी या वाटेच्या आसपास कोरली गेली ती योगायोगाने नव्हे. व्यापाऱ्यांचे तांडे जिथून जात तिथेच भिक्षूंना आश्रय आणि दान मिळे. पुढे रेल्वेनेही हेच खोरे धरले. कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा फाटा १८५६ साली सुरू झाला आणि बोरघाट चढून गाडी वर गेली ती १८६३ मध्ये. आज कर्जत लोकलच्या खिडकीतून जे दिसते ते दोन हजार वर्षांच्या रहदारीचे खोरे आहे. एवढा ऐवज ज्या रस्त्याकडे आहे त्याला समुद्राची उसनी शोभा लागत नाही.

सुरुवात उल्हासनगरपासून करता येते. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला १९४९ साली या नदीचेच नाव दिले गेले, एवढे मुलांना सांगावे आणि रविवारची सकाळ आहे तर दाल-पकवान खाऊन निघावे. मग अंबरनाथचे शिवमंदिर. इथे किमान दीड तास द्या, आणि तो सकाळचा द्या. देऊळ शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराजाच्या काळात काम सुरू झाले आणि मुम्मुणी राजाच्या काळात पुरे झाले, असे मानले जाते. शिलालेख उत्तरेच्या दारावर आहे. बहुतेक लोक पश्चिमेच्या दारातून आत जातात, पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यात दर्शन घेतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. त्यांचे देऊळ पाहायचे राहूनच जाते, कारण या देवळाचे वैभव बाहेरच्या भिंतींवर आहे. तिथे हातभर सपाट जागा सापडणार नाही. भिंत कोनाकोनांत मोडत जाते, आणि प्रत्येक मोडीवर मूर्ती, थर, नक्षी. देऊळ पश्चिमाभिमुख असल्यामुळे सकाळचे ऊन मागच्या, म्हणजे पूर्वेच्या अंगावर तिरके पडते आणि काळ्या दगडातल्या मूर्तींचे उठाव उजळतात. म्हणून दर्शन आधी घेतले तरी चालेल, पण प्रदक्षिणा सावकाश घाला आणि मागच्या भिंतीपाशी थांबा. शिखराचा वरचा भाग आज शिल्लक नाही. तरी खालून वर चढत जाणारे उभे पट्टे आणि त्यांच्यामधल्या लहान लहान शिखरांच्या ओळी पाहिल्या की भूमिज शैली म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळते. सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्रीची जत्रा टाळून जा. त्या दिवसांची गर्दी श्रद्धेची असते, तिच्यात शिल्पे पाहत उभे राहणाऱ्याने अडथळा होऊ नये.

बदलापूर सोडले की रस्ता, लोहमार्ग आणि नदी एकमेकांची सोबत धरतात. नदी सतत दिसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कधी ती रुळांना खेटून वाहते, कधी शेतांपलीकडे झाडांच्या रांगेवरून तिचा माग लागतो. पण पश्चिमेला चंदेरीचा सुळका आणि पुढे नाखिंद, पेब करत माथेरानपर्यंत गेलेली डोंगरांची रांग सबंध वेळ बरोबर असते. सकाळचे ऊन या डोंगरांच्या आपल्या बाजूच्या कड्यांवर पडते, म्हणूनही जाण्याची वेळ सकाळचीच. गाडी नसेल तर मी लोकलच सुचवीन, आणि गाडी असली तरी एकदा लोकलने जाऊन पाहा असे म्हणेन. चालवणाऱ्या माणसाला डोंगर दिसत नाहीत, त्याला पुढचा ट्रक दिसतो. जाताना उजवीकडच्या खिडकीला चंदेरी आणि माथेरान, डावीकडच्या खिडकीला नदीचे खोरे. कर्जतच्या गाड्या दुपारी विरळ होतात, तेव्हा परतीच्या दोन-तीन वेळा आधीच टिपून ठेवाव्यात. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळतात, पण कोंदिवड्याला जायचे असेल तर परतीचे बोलून घेतल्याशिवाय रिक्षा सोडू नये.

नेरळला उतरण्याचा मोह होईल, कारण १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी तिथूनच सुटते. तो मोह आवरा. माथेरान हा स्वतंत्र दिवसाचा विषय आहे आणि त्याला या दिवसात कोंबले की दोन्ही बिघडतात. नेरळला चहापुरते थांबा आणि माथेरानात जन्मलेल्या भाई कोतवालांची आठवण मुलांना सांगा. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. या खोऱ्यातून जाणाऱ्या विजेच्या तारांना तेव्हा काय मोल होते, ते पुढे कर्जतजवळ गेल्यावर उमगते.

कर्जतच्या आसपास नदीचे एक गुपित उघडे होते. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या लहान नद्या फेब्रुवारीनंतर सहसा आटतात, डबक्यांची माळ होतात. उल्हास मात्र कर्जतखाली भर उन्हाळ्यातही वाहती असते. कारण घाटावरचे पाणी. मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. त्याचे पाणी नळांतून कड्याखाली सोडून टाटांचे भिवपुरी जलविद्युत केंद्र १९२२ पासून चालते. वीज करून झालेले पाणी पेज नदीत येते आणि पेज उल्हासला मिळते. हे पाणी आपल्या वाटेने गेले असते तर इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागरात पोचले असते. माणसाने ते डोंगराच्या या अंगाला वळवले आणि आता ते वसईच्या खाडीने अरबी समुद्रात जाते. याच पाण्यावरच्या राजनाला कालव्यामुळे कर्जत तालुक्यात उन्हाळी भात होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकीचा कोकणपट्टा पिवळा पडलेला असताना इथल्या खाचरांत पोपटी रोपे दिसतात. म्हणून सहलीचा उत्तम काळ विचाराल तर नोव्हेंबर ते मार्च, आणि त्यातही भातरोपांसाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध. मे अखेरीस ऊन सोसवत असेल तर रस्त्यालगत करवंदे, आणि भौगोलिक मानांकन मिळवलेले बदलापूरचे जांभूळ. ते कातकरी-ठाकूर बायकांच्या टोपल्यांतून घ्या आणि भाव पाडू नका. पहाटे जंगलातून वेचून आणलेल्या फळाला भाव करण्याजोगा नफा नसतो.

दुसरा मोठा थांबा कोंढाण्याचा. कोंदिवड्याहून जंगलातून चढाची वाट आहे, रमतगमत तासाभराची. हीनयान काळातले, इसवी सनापूर्वीचे हे लेणे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरची भव्य कमान, तिच्यातले लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल करणारे दगडी तपशील, नृत्य करणाऱ्या जोड्या, हे सगळे पाहताना घाई करू नये. एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मीत कोरलेली छोटी ओळ आहे. कण्हाचा शिष्य बालक याने हे केले, असा तिचा अर्थ. आपल्याकडच्या प्राचीन शिल्पांत करणाऱ्याचे नाव क्वचित सापडते. इथे ते सापडते, आणि अंबरनाथच्या देवळापेक्षा हजारएक वर्षांनी जुने. एकाच दिवशी, एकाच नदीच्या खोऱ्यात, सकाळी अकराव्या शतकातले देऊळ आणि दुपारी त्याहून हजार वर्षे मागचे लेणे पाहता येणे, ही सोय महाराष्ट्रात फार थोड्या शहरांना आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी हा चढ वगळावा. त्यांच्यासाठी कर्जत-नेरळ परिसरातली कृषिपर्यटन केंद्रे आहेत. नेरळजवळचे सगुणाबाग त्यात जुने आणि नावाजलेले. तिथे आगाऊ नोंदणी करून जावे. जेवणाचेही तसेच. साध्या खानावळीत सकाळीच फोन करून भाकरी सांगून ठेवली तर ती ताजी मिळते. काही न जमल्यास कर्जत स्टेशनावरचा बटाटेवडा आहेच.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप घाणीचा. ज्या माणसाने अंबरनाथ-उल्हासनगरात वालधुनी रोज नाक दाबून ओलांडली आहे, त्याला नदीकाठी सहलीला चला म्हणणे ही थट्टा वाटेल. वालधुनी त्याच शिवमंदिराजवळून वाहते. २०१४ च्या नोव्हेंबरात तिच्यात सोडलेल्या रसायनांमुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेणे अवघड होऊन रुग्णालयात जावे लागले होते. वालधुनी आणि उल्हासच्या प्रदूषणाचा प्रश्न ‘वनशक्ती’ संस्थेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. कल्याणकडच्या टप्प्यात उल्हासवर जलपर्णीचे थर साचतात, हेही खरे. यातले काहीच लपवण्यात अर्थ नाही. पण म्हणूनच मी प्रवाहाच्या उलट जायला सांगतो आहे. जसजसे वर जावे तसतशी नदी निवळत जाते. कारखाने आणि शहरांचे सांडपाणी बहुतांशी खालच्या अंगाला आहे. जिचे पाणी आपल्या शहरांच्या नळाला येते तीच नदी दोन तास वर गेल्यावर कशी दिसते, हे पाहिलेल्या माणसाला खालची अवस्था नैसर्गिक वाटेनाशी होते. काशीदचा किनारा स्वच्छ आहे की नाही याची चिंता आपण वर्षातून एकदा करू. उल्हास स्वच्छ आहे की नाही याची चिंता रोज तांब्याभर पाणी पिणाऱ्याने करायला हवी, आणि न पाहिलेल्या नदीची चिंता कुणी करत नाही.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तो पावसाळ्यापुरता मी पूर्ण मान्य करतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. जिथे एक अख्खी रेल्वेगाडी अडकते तिथे आपल्या मोटारीचा काय पाड? बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या कुंडात तर दर पावसाळ्यात पोहायला उतरलेल्या तरुणांचे बळी जाण्याच्या बातम्या येतात. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांचे प्रशासन धबधबे आणि धरणांच्या परिसरात जाण्यास मनाई करते ती काही हौसेने नव्हे. जून ते सप्टेंबर ही सहल करू नका, केलीत तर देऊळ आणि लोकलची खिडकी एवढ्यावर थांबा. कोंढाण्याची वाटही तेव्हा निसरडी होते. पण खरी सावधगिरी कोरड्या दिवसांत लागते, कारण तेव्हा माणूस बेसावध असतो. वर सांगितलेले वीजकेंद्राचे पाणी इथे लक्षात घ्यावे. निर्मिती वाढली की पेजेत आणि तिच्या संगमाखालच्या उल्हासमध्ये आभाळात ढग नसतानाही पाणी चढू शकते. सकाळी जो खडक कोरडा होता तो दुपारी पाण्याखाली जाईल. म्हणून नियम एकच: काठावर बसा, पाय भिजवा, पण पात्राच्या मधल्या खडकावर डबा उघडू नका आणि मुलांना नजरेआड होऊ देऊ नका. स्थानिक माणूस ‘इथं उतरू नका’ म्हणाला तर कारण विचारत बसू नका.

तिसरा आक्षेप उरतो, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. समुद्र तो समुद्र. क्षितिजापर्यंत मोकळे पाणी पाहून छातीत जे भरून येते ते नदी देऊ शकत नाही, आणि वाळूत किल्ले करणाऱ्या मुलांना ब्राह्मी अक्षरांचे कौतुक सांगून भागत नाही. खरे आहे. म्हणूनच मी समुद्र सोडा म्हणत नाही, समुद्राला रात्र द्या म्हणतो. अलिबाग किंवा नागावला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालात तर त्या रस्त्यावरही तीन थांबे निवांत होतात. त्यातला एक आक्षीचा असू द्या. तिथला मराठी शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जातो. तोही शिलाहारांच्याच काळातला, अंबरनाथच्या देवळाच्या लेखाआधी ४८ वर्षांचा. आधी अंबरनाथ नीट पाहिलेल्या माणसाला आक्षीचा दगड बोलका वाटेल. घाईत मुरूड गाठणारा त्याच्या शेजारून निघून जातो. मुलांच्या बाबतीत एवढेच, की त्यांना पाणी हवे असते आणि खेळायला वेळ हवा असतो. उथळ काठाच्या नदीपाशी दिलेले दोन तास त्यांना पुरतात. गाडीत घालवलेले साडेसात तास त्यांना नक्कीच नको असतात.

परतीची वेळ चारच्या पुढे ढकलू नका. कर्जतहून चारला निघालात तर साडेपाचच्या आत बदलापूर येते, आणि हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याला, नदीपलीकडे मुळगावची खंडोबाची टेकडी आहे. दिवसाचा तिसरा थांबा हा. गाडी खाली ठेवून पायऱ्या चढून जा, भंडारा कपाळाला लावा आणि देवळाबाहेर पश्चिमेकडे तोंड करून बसा. सकाळी जी डोंगररांग उजेडात पाहिली, ती आता काळी झालेली असते, तिच्यामागे चंदेरी आणि मलंगच्या बाजूला सूर्य उतरतो. खाली नदीवर थोडा वेळ उजेड टिकून राहतो, आणि बदलापूरचे दिवे एकेक करून लागू लागतात. अंधार पडण्याआधी पायऱ्या उतरता येतील एवढा उजेड शिल्लक ठेवून उठा.